आकड्यांचे टोमणे: युरोपच्या फुटबॉलमधली टेर कशी वाचायची

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाच्याने नव्या बुटांचा फोटो टाकला. सगळ्यांनी अंगठे दिले. माझ्या मुलीने फक्त एवढंच लिहिलं: ८-२. भाचा एकदम गप्प. पाच मिनिटांनी त्याच्या आईचा, म्हणजे माझ्या ताईचा फोन. "अरे, हे आठ-दोन काय आहे? दुधाचा हिशेब आहे की शिवी?"

शिवीच आहे, पण आकड्यात दिलेली. भाचा बार्सिलोना या स्पेनच्या क्लबाचा भक्त. १४ ऑगस्ट २०२० ला लिस्बनमध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व सामन्यात जर्मनीच्या बायर्न म्युनिकने बार्सिलोनावर आठ गोल चढवले, बदल्यात दोन खाल्ले. आपल्याकडे तोवर १५ ऑगस्ट लागला होता, सामना रात्री साडेबाराचा. मध्यंतरालाच ४-१. कोरोनामुळे स्टेडियम रिकामं, त्यामुळे ओरडायलाही कुणी नाही. सगळ्यात झोंबणारी गोष्ट शेवटी शेवटी घडली. कुटिन्हो नावाचा ब्राझिली खेळाडू बार्सिलोनाने २०१८ मध्ये लिव्हरपूलकडून प्रचंड पैसा ओतून आणला होता. तो तिथे काही रुळला नाही, म्हणून त्याला हंगामापुरता बायर्नला उसना दिला. बायर्नने त्याला त्या रात्री बदली खेळाडू म्हणून उतरवलं आणि त्याने आपल्या मूळ मालकावरच दोन गोल ठोकले. आपली शिडी शेजाऱ्याला द्यावी आणि त्याने ती लावून आपल्याच माळ्यावर चढावं, तसं.

ती अख्खी रात्र ताईच्या त्या 'दुधाच्या हिशेबात' मावली आहे. युरोपातल्या फुटबॉलमधली टेर खेचणं बरंचसं असंच चालतं. बाहेरून नुसता गलका वाटतो. आत शिरलं की कळतं, प्रत्येक टोमण्यामागे एखादी तारीख, एखादा गुणतक्ता, एखादं जुनं भांडण असतं. आणि चांगला टोमणा सहसा खोटा नसतो. समोरच्याला तो खोडता येत नाही, म्हणून तर तो लागतो.

आता थोडी पायाभरणी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. युरोपातला मोठा क्लब एकाच हंगामात किमान दोन आघाड्यांवर लढतो. एक त्याच्या देशाची लीग. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २० संघ आहेत; प्रत्येकाशी दोनदा, एकदा घरी आणि एकदा त्याच्या दारी, असे ३८ सामने. विजयाला ३ गुण, बरोबरीला १. आयपीएलसारखी शेवटी फायनल नसते. मे महिन्यात तक्त्यात जो वर तो विजेता, आणि तळाचे तिघे खालच्या विभागात जातात. दुसरी आघाडी म्हणजे चॅम्पियन्स लीग, जिथे वेगवेगळ्या देशांतले अव्वल क्लब भिडतात. २०२४ पासून तिथे ३६ संघांचा एकच तक्ता असतो, प्रत्येकाचे ८ सामने, आणि मग बाद फेऱ्या. यातले बहुतेक सामने आपल्याकडे, तिकडे उन्हाळी वेळ असेपर्यंत, रात्री साडेबाराला आणि ऑक्टोबरअखेर तिकडची घड्याळं मागे गेली की दीडला सुरू होतात. नोव्हेंबरात ऑफिसात डोळे लाल करून बसलेला माणूस दिसला तर लगेच दारूचा संशय घेऊ नये.

लीगला फायनल नसल्याचा एक परिणाम टोमण्यांच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. ऑक्टोबरातला एखादा सामना मे महिन्यात मानगुटीवर बसू शकतो. २३ ऑक्टोबर २०११ ला मँचेस्टर सिटीने मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच घरी, ओल्ड ट्रॅफर्डवर, ६-१ ने धुतलं. तेव्हा वाटलं, एक वाईट दिवस, जाऊ दे. पण हंगाम संपताना दोघांचे गुण सारखेच झाले: ८९. मग बघतात गोलफरक, म्हणजे केलेले गोल वजा खाल्लेले. सिटीचा ६४, युनायटेडचा ५६. अंतर आठाचं, आणि त्या एका सामन्यानेच दोघांमध्ये दहाचा फरक पाडला होता.

तेही सहजासहजी झालं नाही. १३ मे २०१२, शेवटचा दिवस. सिटीला जिंकायलाच हवं होतं आणि ९० मिनिटं संपली तेव्हा क्वीन्स पार्क रेंजर्सविरुद्ध ते १-२ ने मागे होते. तिकडे संडरलंडमध्ये युनायटेडचा सामना १-० ने जिंकून संपला. खेळाडू मैदानावर उभे, कान मँचेस्टरच्या बातमीकडे. इकडे जादा वेळेत झेकोने एक गोल केला आणि मग घड्याळात ९३ मिनिटं २० सेकंद असताना आग्वेरोने दुसरा. संडरलंडचे प्रेक्षक, ज्यांचा संघ नुकताच हरला होता आणि ज्यांचा या विजेतेपदाशी काडीचा संबंध नव्हता, ते युनायटेडकडे पाठ करून, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उड्या मारायला लागले. तेव्हापासून सिटीवाल्याने '९३:२०' एवढं लिहिलं तरी युनायटेडवाल्याला पुरतं. आणि संडरलंडवाल्यांकडून या खेळातला पहिला नियम शिकावा: मारलं कोणी याला महत्त्व नाही, पडलं कोण ते बघायचं. बायर्नचा ८-२ माझी मुलगी वापरते, आणि ती मँचेस्टर युनायटेडची आहे.

कालवा आणि अठरा

सगळ्यात लांब चाललेला आकड्यांचा खेळ मात्र लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेडचा. ही दोन शहरं पन्नासेक किलोमीटरवर, आणि त्यांचं भांडण फुटबॉलच्या आधीचं, कापसाचं. मँचेस्टरच्या गिरण्यांना लागणारा कापूस लिव्हरपूलच्या बंदरात उतरायचा. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवीत तिकडचा माल बंद झाला तेव्हा आपल्या मुंबईहून निघालेल्या गासड्याही त्याच बंदरात उतरल्या. त्या पैशाने मुंबईत कोण कोण शेठ झाले हे आपल्याला ठाऊक आहेच. लिव्हरपूल बंदराचं शुल्क आणि रेल्वेचं भाडं मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना सलायचं. शेवटी त्यांनी समुद्रापासून थेट आपल्या शहरापर्यंत ५८ किलोमीटरचा कालवा खणला आणि १८९४ मध्ये जहाजं लिव्हरपूलला वळसा घालून मँचेस्टरच्या दारात येऊ लागली. युनायटेडच्या बोधचिन्हावर आजही शिडाचं जहाज आहे. समुद्र नसलेल्या शहराच्या क्लबावर जहाज का, याचं उत्तर शहराच्या व्यापारी इतिहासात सापडतं.

आता आकडे. १९९० मध्ये लिव्हरपूलने अठरावं लीग विजेतेपद घेतलं, तेव्हा युनायटेडकडे सात होती. १९९३ मध्ये युनायटेडने आठवं मिळवलं आणि मिरवायला सुरुवात केली. १९९४ मध्ये लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर फलक झळकला. मतलब असा: राम राम मंडळी, अठरा झाली की या. त्या वेळी तो टोमणा बिनतोड होता. दहाचं अंतर कोण भरून काढणार? पण युनायटेडचा व्यवस्थापक ॲलेक्स फर्ग्युसन याच एका कामाने पछाडलेला होता, लिव्हरपूलला त्यांच्या उंच दांडीवरून खाली पाडायचं. २००९ ला युनायटेडची अठरा झाली. युनायटेडवाल्यांनी त्याच वाक्याचं उत्तर कापडावर लिहिलं: अठरा झाली की या म्हणालात, आलो. २०११ ला एकोणीस, २०१३ ला वीस. फर्ग्युसन निवृत्त झाला.

मग काटा उलटा फिरला. लिव्हरपूलने २०२० मध्ये तीस वर्षांनी एकोणिसावं आणि २०२५ मध्ये विसावं मिळवलं. वीस-वीस. वर लिव्हरपूलकडे युरोपचे, म्हणजे चॅम्पियन्स लीग आणि तिच्या जुन्या अवताराचे, चषक सहा, युनायटेडकडे तीन. त्यामुळे हल्ली लिव्हरपूलवाला बोलताना लीग सोडून थेट युरोपवर उडी मारतो आणि युनायटेडवाला '२०१४' म्हणतो. त्या वर्षी विजेतेपदाच्या तोंडावर लिव्हरपूलचा कर्णधार जेरार्ड चेल्सीविरुद्ध पाय घसरून पडला आणि त्यांच्या डेम्बा बा या खेळाडूने तो चेंडू पळवून गोल केला. त्याआधीच्या घरच्या सामन्यानंतर जेरार्डने मैदानावर सगळ्यांना गोळा करून सांगितलं होतं की आता हे निसटू द्यायचं नाही, आणि इंग्रजीत त्यासाठी त्याने वापरला होता नेमका 'घसरणं' हाच शब्द. देवाने टोमणेवाल्यांना दिलेलं याहून मोठं दान मला माहीत नाही.

१९९४ च्या फलकावरून काय कळतं? आकड्याचा टोमणा मारणारा माणूस कर्ज काढत असतो. ते फेडायची वेळ पंधरा वर्षांनी येते, पण येते.

तिसरा नंबर दोन घोड्यांच्या शर्यतीत

इथे मला तटस्थ राहता येणार नाही, कारण मी आर्सेनलचा. २०२३, २०२४, २०२५ अशी सलग तीन वर्षं आम्ही लीगमध्ये दुसरे आलो, म्हणजे टोमणे खाण्याची माझी पात्रता उत्तम आहे.

आर्सेनल आणि टॉटनहॅम हे उत्तर लंडनमधले शेजारी. पण आर्सेनल मुळात तिथला नाही. थेम्सच्या दक्षिणेला वुलिचच्या दारूगोळा कारखान्यातल्या कामगारांचा तो संघ. १९१३ मध्ये तो नदी ओलांडून टॉटनहॅमच्या अंगणात, हायबरीला राहायला आला. पहिल्या महायुद्धामुळे लीग थांबली, आणि १९१९ मध्ये पुन्हा सुरू करताना पहिला विभाग २० वरून २२ संघांचा करायचं ठरलं. टॉटनहॅम शेवटच्या हंगामात तळाला होता, तरी जागा वाढल्यात म्हटल्यावर आपण वाचलो असं त्यांनी धरलं होतं. मतदान झालं आणि ती जागा मिळाली आर्सेनलला, जो दुसऱ्या विभागात पाचवा-सहावा आला होता. पडद्यामागे काहीतरी शिजलं असं टॉटनहॅमवाले शंभर वर्षं म्हणत आलेत. पुरावा कधी मिळाला नाही. पण आर्सेनल तेव्हापासून वरच्या विभागातून कधी खाली गेला नाही, आणि 'तुम्ही मागच्या दाराने आलात' हा टोमणा आम्हाला आजही ऐकावा लागतो. खोडता येत नाही म्हटलं ना, तो हा.

आमच्याकडेही दारूगोळा आहे. १९९६ ते २०१६ सलग २१ हंगाम आर्सेनल तक्त्यात टॉटनहॅमच्या वर राहिला. ज्या दिवशी गणिताने पक्कं होतं की आता टॉटनहॅम आपल्याला गाठू शकत नाही, त्या दिवसाला आर्सेनलवाल्यांनी संताचं नाव जोडून सणच केला: सेंट टॉटरिंगहॅम डे. तारीख दरवर्षी बदलते, गुणतक्त्याच्या पंचांगावर. त्यातला २०१६ चा तर अमृतयोग. लेस्टरसारखा कुणाच्या खिजगणतीत नसलेला संघ विजेता होत होता आणि त्याच्या मागे धावत होता फक्त टॉटनहॅम. शेवटच्या दिवशी टॉटनहॅम न्यूकॅसलकडून ५-१ ने हरला, त्या न्यूकॅसलकडून जो आधीच खालच्या विभागात गेला होता. आर्सेनल ७१, टॉटनहॅम ७०. दोन घोड्यांच्या शर्यतीत तिसरा आलेला घोडा, हे विशेषण त्यांना तेव्हापासून चिकटलं.

पण या भांडणातली सगळ्यात विचित्र रात्र १४ मे २०२४ ची. आर्सेनल एका गुणाने पुढे, सिटीचा एक सामना जास्त बाकी, आणि तो नेमका टॉटनहॅमच्या घरी. टॉटनहॅमने सिटीला हरवलं तर त्यांच्या स्वतःच्या चॅम्पियन्स लीगच्या आशा जिवंत राहणार होत्या. पण त्याचबरोबर आर्सेनल विजेतेपदाच्या दारात जाणार होता. आता घरच्या प्रेक्षकांनी करायचं काय? सिटीने पहिला गोल केला तेव्हा स्टँडमध्ये बरेच जण खुशीत होते. 'आर्सेनल, बघताय ना?' असं टॉटनहॅमचेच लोक गात होते, आपला संघ हरत असताना. ८६ व्या मिनिटाला टॉटनहॅमचा सोन ह्युंग-मिन एकटा गोलरक्षकासमोर पोहोचला. बरोबरीची संधी. सिटीचा बदली गोलरक्षक ऑर्टेगा पाय पसरून आडवा आला आणि चेंडू त्याला लागून गेला. बाजूला सिटीचा प्रशिक्षक ग्वार्डिओला श्वास सुटल्यासारखा पाठीवर आडवा पडला होता. सामना २-० ने सिटीला, पुढे लीगही. टॉटनहॅमचा प्रशिक्षक पोस्टेकोग्लू एवढा बिथरला की क्लबचा पायाच ठिसूळ आहे असं तो बोलून गेला. मी टीव्हीसमोर बसून त्या प्रेक्षकांना शिव्या देत होतो आणि मनातल्या मनात कबूल करत होतो: त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

पुढच्या वर्षी टॉटनहॅमने सगळ्यांचीच पंचाईत केली. लीगमध्ये १७ वा, म्हणजे बुडण्याच्या अगदी वरची पायरी, आणि त्याच मे महिन्यात युरोपा लीगचा, म्हणजे चॅम्पियन्स लीगच्या खालच्या स्पर्धेचा, चषक घरी. आता याला हसायचं की हात जोडायचे?

जर्मनांचा शालजोडीतला

इंग्लिश टोमणा आकड्यात असतो, जर्मन बऱ्याचदा शब्दात. डॉर्टमुंड आणि शाल्के हे रूर खोऱ्यातले, कोळशाच्या पट्ट्यातले हाडवैरी. डॉर्टमुंडवाले शाल्केच्या गेल्सनकिर्शन शहराचं नावच घेत नाहीत, 'हेर्ने-पश्चिम' म्हणतात. शाल्केवाले डॉर्टमुंडला 'ल्युडेनशाइट-उत्तर' म्हणतात. कुणी पुण्याचं नाव न घेता 'वायव्य सासवड' म्हणावं, तसं. मला हा प्रकार सगळ्यात जास्त आवडतो.

लेव्हरकुसेनचं उदाहरणही सांगण्यासारखं आहे. २००२ मध्ये त्यांनी महिन्याभरात लीग, जर्मन चषक आणि चॅम्पियन्स लीगची फायनल, तिन्ही गमावलं, तिन्हीकडे दुसरे. तेव्हापासून नाव पडलं 'व्हिजेकुसेन', म्हणजे उपविजेतेपूर. बावीस वर्षं ते ऐकलं आणि २०२४ मध्ये लीगचे ३४ पैकी एकही सामना न हरता विजेते झाले. त्याच हंगामात टॉटनहॅमचा हॅरी केन, एकही चषक न जिंकलेला महान खेळाडू, चषक मिळावा म्हणूनच बायर्नला गेला होता, कारण बायर्नने आधीची सलग अकरा वर्षं लीग जिंकली होती. तो आला आणि बायर्नच्या हाती काहीच लागलं नाही. केनच्या नावाने त्या वर्षी जे काही निघालं ते छापण्यासारखं नाही. २०२५ मध्ये त्याला लीग मिळाली आणि तो धंदा बसला.

आपल्यासाठी राखून ठेवलेला

एक टोमणा खास आपल्यासारख्यांसाठी आहे: 'प्लास्टिक'. जन्म पिंपरीचा, कधी विमानात बसला नाही आणि क्लब मँचेस्टरचा? जिंकणाऱ्याच्या मागे गेलेला भाडोत्री भक्त. त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. आपल्याकडे कुणाचा क्लब विचारला की त्याच्या घरी केबल कधी आली आणि तो शाळेत कितवीत होता हे साधारण कळतं. १९९९ ला युनायटेडने एकाच हंगामात तीन चषक घेतले, त्या वेळची पोरं युनायटेडची. आर्सेनलने २००४ मध्ये ३८ पैकी एकही सामना न हरता लीग जिंकली, तिथे मी अडकलो. त्यानंतरची चेल्सीची, मग मेस्सीमुळे बार्सिलोनाची. पण स्थानिक लोकही यातून सुटत नाहीत. सिटीवाले युनायटेडला सांगतात की ओल्ड ट्रॅफर्ड मुळात मँचेस्टर शहराच्या हद्दीतच नाही, शेजारच्या ट्रॅफर्डमध्ये आहे. हे खरं आहे. युनायटेडवाले सिटीच्या एतिहाद मैदानाला रिकाम्या खुर्च्यांवरून 'एम्प्टीहॅड' म्हणतात.

शिवाय आम्ही मूळचे कोल्हापूरचे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस या संघांचा सामना ज्याने पाहिला त्याला डर्बी, म्हणजे शेजाऱ्यांची लढत, काय असते हे लंडनवाल्याने शिकवू नये. तालमीचा संघ पेठेचा असतो, निवडायचा प्रश्नच येत नाही. हरलेल्या पेठेतून दुसऱ्या दिवशी दूध आणायला जातानाही मान खाली घालावी लागते. माझ्या मते प्लास्टिक आणि अस्सल यातला खरा फरक हाच आहे: हरल्यावर तुमच्या तोंडावर बोलणारं कुणी आहे का?

नव्या पोरांच्या भाषेतले दोन आकडे पटकन सांगून टाकतो. एक म्हणजे एक्सजी, अपेक्षित गोल. प्रत्येक फटका कुठून, कसा मारला यावरून तो गोल होण्याची शक्यता काढतात. पेनल्टीला पाऊण गोलाहून किंचित जास्त. सगळ्यांची बेरीज केली की कळतं, संधीच्या मानाने किती गोल व्हायला हवे होते. हरलेला माणूस 'एक्सजीत आम्हीच जिंकलो' म्हणतो आणि समोरचा विचारतो, त्याचा चषक कुठे मिळतो? दुसरा ११५. फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रीमियर लीगने मँचेस्टर सिटीवर आर्थिक नियम मोडल्याचे शंभराहून जास्त आरोप ठेवले, क्लबने ते फेटाळले. लोकांनी मोजून ११५ केले आणि सिटीने काहीही जिंकलं की कुणीतरी तो आकडा चिकटवतो.

ताईला हे सगळं सांगून झालं. मग एक गोष्ट मी मुद्दाम सांगितली, कारण पोरं इंटरनेटवरून काहीही उचलतात. दोन आकडे असे आहेत जे कुणी लिहिले तर त्याला ग्रुपमधून काढायचं. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचे प्रेक्षक चेंगरले; मृतांची संख्या पुढे ९७ झाली, शेवटचा माणूस २०२१ मध्ये गेला. दोष प्रेक्षकांचा नव्हता, हे चौकशी ज्युरीने २०१६ मध्ये, सत्तावीस वर्षांनी सांगितलं. आणि ६ फेब्रुवारी १९५८ ला म्युनिकच्या धावपट्टीवर युनायटेडचं विमान कोसळलं, २३ माणसं गेली, त्यात आठ खेळाडू. या दोन्हींवरून दोन्ही बाजूंच्या स्टँडमधून वर्षानुवर्षं गाणी म्हटली गेली आहेत, विमानासारखे हात पसरून दाखवले गेले आहेत. आता त्यावर स्टेडियमबंदी येते, खटलाही होतो. तिथे खोडता न येणारं असं काही नाहीच. तिथे फक्त कुणाचा तरी मेलेला मुलगा आहे.

ताई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरं, ते कळलं. पण बुटांवरून आठ-दोन म्हणाली तुझी पोरगी. आता माझ्या पोराने काय लिहायचं?"

म्हटलं, "७-० लिहायला सांग. ५ मार्च २०२३, लिव्हरपूलने युनायटेडला घातलेले सात."

"पण हा तर बार्सिलोनाचा ना?"

"चालतं."

दोन मिनिटांत ग्रुपवर ७-० पडलं, तेही ताईच्या नंबरावरून. पुढच्याच मिनिटाला माझा फोन वाजला. मुलगी शेजारच्या खोलीत होती, तरी मेसेज मला एकट्याला आला होता.

२-२-२.